नाव तेच, गडी वेगळा

भारताकडून कसोटीत यष्ट्यांमागे उभे राहिलेले चंद्रकांत दोन. एक पंडित, दुसरे पाटणकर. पंडितांची ओळख करून द्यावी लागत नाही. पाच कसोट्या, छत्तीस एकदिवसीय सामने आणि त्याहून मोठी प्रशिक्षकाची कारकीर्द. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. पाटणकरांचा जन्म १९३० चा, पेणचा, आमच्या धरमतर खाडीच्या पलीकडचा. १९५५ च्या डिसेंबरअखेर न्यूझीलंडविरुद्ध कोलकात्याला ते एकमेव कसोटी खेळले. तीन झेल घेतले, एकाला यष्टिचीत केलं. पुन्हा बोलावणं आलं नाही. तेव्हा मुंबईतच नरेन ताम्हाणे होते, आणि ताम्हाण्यांच्या पुढे उभं राहणं कोणालाही जड जात होतं. आज ‘चंद्रकांत नावाचा कसोटी यष्टिरक्षक’ असं विचारलं तर पेणमध्येसुद्धा शंभरातले नव्याण्णव जण पंडितांचं नाव घेतील. चंदू बोर्डे यांचंही पाळण्यातलं नाव चंद्रकांतच, पण ‘चंदू’ने त्यांना वेगळं काढलं आणि वाचवलं.

एका नावाचे दोन खेळाडू झाले की नाव कोणाकडे जातं, हा या संग्रहाचा विषय. त्यात कसोटी क्रिकेट जास्त आहे, कारण तिथे कागद नीट ठेवले गेले. कुस्ती, कबड्डी, खो-खोत माणसं कमी नव्हती. त्यांचे कागद हरवले.

हा विषय रेवसला बसून सुचावा यात नवल नाही. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच इथे लागते. समोर खाडीपलीकडे उरणचं करंजा, शेजारी बोडणीचा कोळीवाडा, मागे खारेपाटातली भातशेती. आमच्याकडे आडनावं मोजकी: पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, कोळी, नाईक, भगत. पाळण्यातली नावंही त्या त्या पिढीत ठरावीकच. त्यामुळे कबड्डीच्या मैदानावर दोन्ही संघ मिळून चार पाटील आणि तीन म्हात्रे उतरले तर कोणाला काही वाटत नाही. माइकवाल्याला ‘चढाईला पाटील’ एवढं बोलून भागत नाही. तो आधी गाव सांगतो, मग बापाचं नाव, तेवढ्यानेही जमलं नाही तर टोपणनाव. ते टोपणनाव बहुधा असं असतं की खेळाडूची आई प्रेक्षकांत बसली असेल तर ती पदर तोंडाला लावते. बोडणीच्या बंदरात एकवीरा नावाच्या होड्या कितीतरी लागतात, तरी आपली कुठली हे नाळेवरून आणि रंगावरून लांबूनच ओळखतात. माणसांचंही तसंच चालतं. अडचण होते ती सामना संपल्यावर. गुणपत्रकावर नुसतं ‘जी. पाटील’ राहतं. टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये आता धावा मोबाइलवर नोंदवतात, तिथे तर एका गणेश पाटलाच्या धावा दुसऱ्या गणेश पाटलाच्या खात्यात कधी जाऊन पडतात ते दोघांनाही कळत नाही.

मोठ्या मैदानांवर हेच घडलं आहे.

विजय या नावाचंच बघा. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध विजय मर्चंट आणि विजय हजारे यांनी तिसऱ्या विकेटसाठी २११ धावा जोडल्या. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. मर्चंट त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत होऊन कसोटीतून कायमचे बाहेर पडले. त्याच मालिकेत कोलकात्याला विजय मांजरेकर आला. पुढच्या जूनमध्ये लीड्सला भारताचे तीन गडी ४२ धावांत गेले असताना हजारे आणि हा वीस वर्षांचा पोरगा उभे राहिले आणि २२२ धावा केल्या. मांजरेकर १३३, हजारे ८९. सहा-सात महिन्यांत दोन विजय-विजय भागीदाऱ्या, दोन्ही दोनशेच्या वर, आणि दोन्हींत हजारे. (त्याच लीड्स कसोटीच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी गेले आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. २२२ कोणाला आठवत नाहीत.) या तिघांत आणखी गंमत अशी की मर्चंट हे मुळात मर्चंट नव्हतेच. घराणं ठाकरसींचं. शाळेत घालताना वडिलांच्या व्यवसायाची चौकशी झाली, उत्तर आलं ‘मर्चंट’, आणि तेच आडनाव म्हणून चिकटलं, अशी हकीकत आहे. हजारे सांगलीचे मराठी ख्रिस्ती, मांजरेकर मुंबईचे. वय, घर, भाषा, फलंदाजीची ढब, कशातच साम्य नाही.

पुढे नियामक मंडळाने वाटणी केली. राज्यांची एकदिवसीय स्पर्धा हजाऱ्यांच्या नावे, सोळा वर्षांखालील मुलांची मर्चंटांच्या नावे. आज ‘विजय हजारे’ ऐकल्यावर एखाद्या पोराला माणूस आठवण्याआधी करंडक आठवतो. नावाचं हे नशीब बरं की वाईट, माझं मत अजून ठरलेलं नाही. मांजरेकरांच्या वाट्याला आणखी वेगळं आलं. त्यांचा मुलगा संजय चांगला खेळला आणि नंतर चांगला बोलला, त्यामुळे नुसतं ‘मांजरेकर’ म्हटलं की आता मुलगाच डोळ्यांपुढे येतो. ज्यांनी दोघांना पाहिलं त्या पिढीतले जाणते मात्र बापालाच वरचा मान देतात. धावफलक वाचून मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

विजय नावाची रांग तिथे थांबली नाही. १९५५ च्या न्यूझीलंड मालिकेत सतरा वर्षांचा विजय मेहरा मुंबईला पहिली कसोटी खेळला. त्याच सामन्यात कोल्हापूरचे सदाशिव पाटीलही पहिली कसोटी खेळले, आणि तीच त्यांची शेवटची ठरली. पाटणकरांची एकुलती कसोटी याच मालिकेतली. सदू पाटील मध्यमगती गोलंदाज. दोन बळी घेतले आणि यादीत ‘एस. आर. पाटील’ म्हणून राहिले. पंचवीस वर्षांनी ‘एस. एम. पाटील’, म्हणजे संदीप, आले. अ‍ॅडलेडला १७४ काढले, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, सिनेमातही काम केलं. क्रिकेटमधला पाटील कोण हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. सदाशिवराव २०२० मध्ये गेले. ज्या मालिकेत दोन मराठी माणसं एकेक कसोटी खेळून निघून गेली, त्या मालिकेबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, हे वाचकांनी आधीच जाणून घ्यावं.

आता अलिबागकडे येतो, कारण या संग्रहातलं माझं आवडतं प्रकरण तिथून निघतं. उमेश नारायण कुलकर्णी, जन्म १९४२, अलिबाग. डावखुरे वेगवान गोलंदाज. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात ते चार कसोट्या खेळले, पाच बळी मिळाले. तो काळ वेगवान गोलंदाजाला अनुकूल नव्हता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन अशी मंडळी तयार होत होती. नव्या चेंडूची चकाकी घालवायची आणि तो फिरकीच्या हाती द्यायचा, एवढंच काम वेगवान म्हणवणाऱ्यांकडे असे. अशा संघात डाव्या हाताने वेगात टाकणारा अलिबागचा माणूस शिरला हेच विशेष. त्याच दौऱ्यात भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ अशी परदेशातली पहिली मालिका जिंकली. आज मोबाइलवर ‘उमेश कुलकर्णी’ शोधलं तर आधी चित्रपट दिग्दर्शक सापडतात, ‘वळू’ आणि ‘देऊळ’वाले. त्यांनी निदान श्रेयनामावलीत स्वतःला उमेश विनायक कुलकर्णी असं पूर्ण लिहून गोंधळ टाळला आहे. क्रिकेटवाल्यांनी आपल्या उमेशला ‘यू. एन.’ करून ठेवलं.

त्यांच्यामागून आलेले कुलकर्णी सगळे मुंबईचे, आणि सगळे गोलंदाज. राजू कुलकर्णी १९८६-८७ मध्ये तीन कसोट्या खेळले. डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी १९९७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टूला बाद करून बसले. असं करणारा त्यांच्याआधी एकही भारतीय नव्हता. त्यानंतर जयसूर्याने ३४०, महानामाने २२५ केले, श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव सोडला, आणि नीलेशचा हिशेब झाला ७० षटकं, १९५ धावा, १ बळी. पहिला चेंडू आणि उरलेली सगळी षटकं यांत इतकं अंतर क्रिकेटमध्ये दुसरं दाखवता येणार नाही. मग धवल कुलकर्णी. कसोटी लाभली नाही, पण २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजी अंतिम सामन्यातला शेवटचा बळी त्यांनी घेतला आणि त्याच सामन्यात निवृत्त झाले. मुंबईचा तो ४२ वा रणजी करंडक. बाद झालेला फलंदाज होता उमेश यादव. कुलकर्णी गोलंदाज, उमेश फलंदाज. आमच्या अलिबागकरांची दोन्ही नावं एका ओळीत आली. असल्या योगायोगाला काही अर्थ नसतो हे मलाही कळतं. तरी तो मी वहीत उतरवून ठेवला.

या चौघांची यादी करणारे एक नाव हमखास विसरतात. शुभांगी कुलकर्णी, पुण्याच्या, लेगस्पिनर. भारतीय महिलांची पहिली कसोटी मालिका १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध झाली आणि शुभांगीताईंनी पदार्पणातच डावात पाच बळी घेतले. पुढे एकोणीस कसोट्या, भारताचं कर्णधारपद, अर्जुन पुरस्कार. वर सांगितलेल्या उमेश, राजू आणि नीलेश या तिघांच्या कसोट्या एकत्र केल्या तरी दहाच भरतात. भारताकडून खेळलेला सर्वांत मोठा कुलकर्णी कोण, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर स्त्रीलिंगी द्यावं.

नाईकांचं थोडक्यात. सुधीर नाईक आणि सुरेंद्र नायक, दोघे मुंबईचे, दोघेही इंग्लंडमध्ये पदार्पण करणारे, एक १९७४ मध्ये आणि एक १९८२ मध्ये. सुधीर नाईकांनी भारताच्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात संघाचा पहिला चौकार मारला. १९७०-७१ मध्ये बिनीचे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला तोही त्यांच्याच नेतृत्वाने. नंतर वानखेडेची खेळपट्टी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. सुरू नायक दोन कसोट्या खेळले. या दोघांची गल्लत होते ती फक्त प्रश्नमंजूषेत.

बाळू या नावाकडे मात्र घाईने जाऊन चालणार नाही. पालवणकर बाळू, जन्म १८७६, डावखुरे फिरकी गोलंदाज. जात चांभार. पुण्याच्या जिमखान्यात नोकरीला असताना साहेबांना सरावाला चेंडू टाकता टाकता हा माणूस घडला. हिंदू संघाला तो गोलंदाज म्हणून हवा होता. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही खेळले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. जुन्या धावफलकांत हे चौघे पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत, पी. विठ्ठल असे दिसतात. उलटं लिहिलेलं हे नाव बघून दक्षिणेकडचे कोणी असावेत असं नवख्याला वाटतं. आडनाव कोकणातल्या गावावरून आलेलं आणि तेच एका अक्षरात कोंबलेलं. अर्ध्या शतकानंतर मुंबईला दुसरे बाळू लाभले: बाळकृष्ण गुप्ते, सुभाष गुप्ते यांचे धाकटे भाऊ, लेगस्पिनर, १९६० च्या दशकात तीन कसोट्या. त्यांना आयुष्यभर ‘सुभाषचा भाऊ’ हे बिरुद वागवावं लागलं. पहिल्या बाळूंना त्यांच्या हयातीत भारताकडून कसोटी खेळायला मिळालीच नाही, कारण भारताची पहिली कसोटी १९३२ ची आणि तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. म्हणून आकडेवारीच्या पुस्तकात ‘बाळू’ शोधणाऱ्याला गुप्ते सापडतात, पालवणकर सापडत नाहीत. माझ्या दृष्टीने नावाच्या वाटणीतला हा सर्वांत मोठा अन्याय, आणि त्याला कारण दुसरे बाळू नाहीत.

असाच प्रकार, पण हलकाफुलका, ‘बापू’चा. नाशिकचे बापू नाडकर्णी डावखुरे फिरकी गोलंदाज आणि उपयोगी फलंदाज. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांचं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. सलग १३१ चेंडूंवर धाव दिली नाही. हल्ली भारतीय संघातली पोरं ‘बापू’ अशी हाक मारतात ती अक्षर पटेलला. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज, तोही उपयोगी फलंदाज, फक्त नडियादचा. नाडकर्णी २०२० मध्ये वारले. यष्ट्यांजवळच्या माइकमधून आपली हाक ऐकायला आज ते असते तर त्यांनी पाच धावांचा हिशेब आधी मागितला असता, असा माझा कयास आहे.

बाप-लेकांनी एकच नाव चालवण्याचा ठळक दाखला पतौडींचा. इफ्तिखार अली खान १९३२ मध्ये सिडनीला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत १०२ धावा करतात, १९४६ मध्ये भारताचे कर्णधार होऊन इंग्लंडला जातात. मन्सूर अली खान १९६२ मध्ये, एकवीस वर्षांच्या वयात, बार्बाडोसला कर्णधार होतात; आमच्या उमेश कुलकर्णींचे कर्णधार तेच. दोघांची नोंद ‘पतौडीचे नवाब’ अशीच. मग १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली, संस्थानिकांचे तनखे आणि किताब गेले, आणि पुढच्या मालिकेत तोच माणूस तीच बॅट घेऊन ‘मन्सूर अली खान’ म्हणून खेळायला उतरला. संसदेने धावफलक बदलल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

खेळ वेगळा असला की नावाचं भांडण कमी व्हावं, पण तसं होत नाही. १९६० साली भारतात दोन मिल्खा सिंग होते. एक रोमला चारशे मीटरमध्ये चौथा आला. दुसरा, ए. जी. मिल्खा सिंग, त्याच वर्षीच्या जानेवारीत अठराव्या वर्षी मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला होता. भाऊ कृपाल सिंगबरोबर तो भारताकडून खेळला, चार कसोट्यांवर थांबला. ‘मिल्खा धावला’ हे वाक्य त्याच्याबद्दलही खरं होतं, पण ते कोणी त्याच्यासाठी वापरलं नाही. जहांगीर खान या नावाचं उलट झालं: पहिले जहांगीर खान क्रिकेटपटू, १९३६ मध्ये लॉर्ड्सला त्यांच्या चेंडूने एक चिमणी मेली आणि ती पेंढा भरून अजून तिथल्या संग्रहालयात आहे. दुसरे कराचीचे स्क्वॉशपटू, सलग दहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारे. चिमणीवाल्यांची ओळख आता ‘माजिद खानचे वडील’ अशी करून द्यावी लागते. आपल्याकडे सध्याच एक जोडी चालू आहे. सिद्धार्थ देसाई, कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला चढाईपटू, २०१८ च्या प्रो कबड्डीत यू मुम्बाकडून दोनशेच्या वर गुण मिळवणारा. आणि सिद्धार्थ देसाई, गुजरातचा डावखुरा फिरकी गोलंदाज, २०२५ च्या जानेवारीत उत्तराखंडविरुद्ध ३६ धावांत ९ बळी घेणारा. दोघे अजून तरणे आहेत. पन्नास वर्षांनी नाव कोणाकडे गेलेलं असेल ते बघायला मी नसेन, पण पैज लावायची तर खारेपाटातला माणूस कबड्डीवरच लावणार.

हॉकीत बलबीर सिंग नावाची मंडळी इतकी झाली की ‘सीनियर’ हे पद निघालं. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवणारे ते सीनियर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला भारताच्या एकाच संघात तीन बलबीर सिंग होते: एक पोलिसांचे, एक लष्कराचे, एक रेल्वेचे. ओळख पटवायला नोकरीचं खातं कामी आलं. आमच्याकडे गाव लावतात, पंजाबात खातं लावलं. त्या संघाला कांस्यपदक मिळालं.

आतापर्यंतची साम्यं आपोआप घडलेली. काही नावं मात्र मुद्दाम ठेवलेली असतात. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ अशी तीन माणसं एका पोराच्या नावात. कन्हाय गयानाचे, भारतातून ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशातले. त्यांचं नाव असं समुद्र ओलांडून मुंबईला परत आलं. १९७१ मध्ये गावसकरांनी वेस्ट इंडिजमध्ये चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, आणि सतरा वर्षांनी त्रिनिदादमधल्या एका बापाने मुलाचं नाव सुनील ठेवलं. तो सुनील नारायण. एक नाव तिकडून इकडे, एक इकडून तिकडे. दोघांपैकी एकालाही नावाच्या मूळ मालकासारखं खेळायचं नव्हतं: रोहन डावखुरा, बंगालकडून खेळला, नारायण तर फिरकी गोलंदाज. बीडच्या सचिन धसचं मात्र सरळ आहे. वडिलांनी तेंडुलकरांवरून नाव ठेवलं, पाठीवर दहा क्रमांक घेतला, आणि २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने ९६ धावा करून बुडता सामना काढला. शतक चार धावांनी हुकलं; नव्वदीत बाद होण्याची खोडही मूळ मालकाचीच.

गावसकरांच्या नावाची आणखी एक गोष्ट कोळीवाड्यात सांगण्यासारखी आहे. ‘सनी डेज’ या १९७६ च्या आत्मचरित्रात त्यांनीच ती लिहिली आहे. जन्मल्यावर रुग्णालयात त्यांची अदलाबदल झाली होती. नारायण मसुरेकर या काकांनी बाळाच्या कानाजवळचं बारीक छिद्र आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसेना. शोधाशोध झाली तेव्हा बाळ एका कोळिणीशेजारी झोपलेलं सापडलं. काकांची नजर चुकली असती तर आपण पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी मासेमारी करत असतो, असं गावसकरांनी म्हटलं आहे. बोडणीत ही गोष्ट सांगितली की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, त्या दुसऱ्या पोराचं काय झालं? ‘सुनील गावसकर’ हे नाव घेऊन शाळा-मैदानांच्या मुंबईत वाढला असता तर तोही खेळला असता का? प्रश्न रास्त आहे.

परदेशातल्या जोड्यांना इथे मोजकीच जागा दिली. ऑस्ट्रेलियाचा एक स्टीव्ह स्मिथ १९८४ मध्ये तीन कसोट्या खेळून गेला, हे दुसऱ्या स्टीव्ह स्मिथच्या चाहत्यांना माहीत नसतं. ब्राझीलच्या रोनाल्डोला १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पाठीवर ‘रोनाल्डिन्यो’, धाकटा रोनाल्डो, लिहून खेळावं लागलं, कारण संघात वयाने मोठा दुसरा रोनाल्डो होता. त्या थोरल्याचं पूर्ण नाव आज किती जणांना सांगता येईल? पुढे खरा रोनाल्डिन्यो आला, मग पोर्तुगालचा क्रिस्तियानो आला, ज्याचं नाव वडिलांनी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरून ठेवलं होतं. त्या गुंत्यात मी पडलो नाही.

निवडीचं धोरण सांगतो. ज्याच्याबद्दल बोलायला दुसऱ्याचं नाव आधी घ्यावं लागतं, त्याला इथे जास्त पानं दिली आहेत. सदू पाटलांना संदीप पाटलांपेक्षा जास्त, पाटणकरांना पंडितांपेक्षा जास्त. मोठ्यांवर पुस्तकं आहेत. दुसरं, जिथे मिळालं तिथे प्रत्येकाचं तिहेरी नाव छापलं आहे: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आपल्या नाव लिहिण्याच्या रीतीत ही सोय पूर्वीपासून होती. इंग्रजी आद्याक्षरांच्या नादी लागून आपणच ती टाकली. कबड्डीने ती परत उचलली आहे. प्रो कबड्डीच्या यादीत अजिंक्य अशोक पवार, गिरीश मारुती एरनाक अशी नावं पूर्ण दिसतात. माइकवरून ऐकताना बापांचाही पुकारा होतो, त्याचं मोल त्या बापांना विचारावं.

मुलींच्या बाबतीत प्रकरण उलटं आहे आणि जास्त अवघड. इथे एकाच खेळाडूची दोन नावं होतात. लग्नाआधी म्हात्रे म्हणून खेळलेली पोरगी लग्नानंतर पाटील होते, आणि तिची जिल्ह्याची, राज्याची प्रमाणपत्रं दोन वेगळ्या बायकांची असल्यासारखी फाइलीत पडून राहतात. खेळाडूंच्या आरक्षणातून नोकरीचा अर्ज करताना तिला आपणच ती म्हात्रे हे सिद्ध करावं लागतं. त्या प्रकरणाला या संग्रहात जागा पुरली नाही; त्याचं स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं, आणि ते एखाद्या खेळलेल्या बाईनेच लिहावं.

अलिबाग, पेण, उरण भागातल्या स्पर्धा-आयोजकांना एक विनंती. गुणपत्रकावर खेळाडूचं पूर्ण नाव, गाव आणि जन्मवर्ष एवढं लिहा, मुलगी असेल तर माहेरचं नावही लिहा, आणि स्पर्धा संपल्यावर ते पत्रक फेकू नका. एका स्पर्धेला चार-पाच कागद जास्त लागतील.

रेवस, ता. अलिबाग